रोजची हिब्रू आणि तिची मुळं: मराठी माणसाने सुरुवात कशी करायची

इस्रायलमधे हॉटेलात जेवण झालं की वेटरला म्हणतात "एफशार खेश्बोन?", म्हणजे बिल मिळेल का. मी बेअरशेवाला राहायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे पाठ केलं आणि पुढचे कितीतरी दिवस तसंच म्हणत राहिले, आत काय आहे याचा काही पत्ता नव्हता. मग उल्पानमधे (नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकवायचे वर्ग असतात त्यांना उल्पान म्हणतात) बाईंनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली, ख-श-ब, आणि खाली एकेक शब्द काढत गेल्या: खोशेव म्हणजे विचार करतो, माखशावा म्हणजे विचार, खाशूव म्हणजे महत्त्वाचं, माखशेव म्हणजे कॉम्प्युटर, आणि खेश्बोन म्हणजे गणित, खातं, बिल. मी वहीत उतरवून घेत होते आणि एकदम डोक्यात आलं, अरे हा तर हिशेब!

आणि खरंच तोच आहे. अरबी आणि हिब्रू एकाच सेमिटिक कुटुंबातल्या, आणि दख्खनच्या सुलतानांच्या काळात फारसीच्या वाटेने अरबी शब्द ढिगाने मराठीत आले, त्यातला हिसाब आपल्याकडे हिशेब झाला. म्हणजे हिब्रूचे दूरचे नातेवाईक आपल्या तोंडात आधीपासून बसलेत, आपल्याला फक्त कुणी ओळख करून दिलेली नसते. म्हणून हा लेख लिहितेय. फ्रेजबुकातली पन्नास वाक्यं पाठ करून महिन्याभरात विसरण्यापेक्षा एक वाक्य घ्या, त्याचं मूळ काढा, त्या मुळाचे दहा शब्द एकदम घ्या. हिब्रूत मुळाला शोरेश म्हणतात, झाडाच्या मुळालासुद्धा तोच शब्द.

पहिली पायरी: अक्षरं, आणि ती सोडायची नाहीत

खूप जण म्हणतात बोलण्यापुरती हवीय, लिपी कशाला. असं करू नका, कारण मूळ दिसतं ते अक्षरांतच. अक्षरं फक्त 22, उजवीकडून डावीकडे, आणि त्यातल्या पाच अक्षरांचं रूप शब्दाच्या शेवटी आलं की बदलतं. रोजच्या लिखाणात स्वर लिहित नाहीत, ठिपके-रेघांचे स्वर फक्त लहान मुलांच्या पुस्तकात, कवितेत, प्रार्थनेत. सुरुवातीला हे भयंकर वाटतं पण याचाच फायदा आहे, स्वर गेले की उरतात व्यंजनं आणि मूळ म्हणजे व्यंजनंच. रोज चार अक्षरं घेतलीत तर आठवड्याभरात सगळी होतात. छापील आणि हाताने लिहायची अशी दोन वळणं असतात, दोन्ही शिका, कारण दुकानातल्या हाताने लिहिलेल्या पाट्या आणि शेजाऱ्याने दारावर चिकटवलेली चिठ्ठी हातवळणातच असते.

उच्चारात आपली एक जमेची बाजू आहे जी हिंदीवाल्यांना नाही. त्सादी नावाचं अक्षर आहे, त्याचा उच्चार म्हणजे आपला चोर, चाक, चूल मधला च. मी खाली त्स लिहिलंय पण म्हणताना तोच म्हणा. झ लिहिलाय तो झेब्रातला. ख मात्र आपला नाही, तो घशातून खरवडून काढायचा, खेत आणि खाफ ही दोन वेगळी अक्षरं आज बहुतेक जण एकसारखीच तशी म्हणतात.

अजून एक गोष्ट आत्ताच पक्की करून ठेवा म्हणजे पुढे गोंधळ नाही: ब आणि व, क आणि ख, प आणि फ या जोड्या म्हणजे प्रत्येकी एकच अक्षर आहे, जागेप्रमाणे उच्चार बदलतो. म्हणून कातव म्हणजे लिहिलं, मिखताव म्हणजे पत्र आणि क्तुबा म्हणजे लग्नाचा करार, कानाला तिन्ही वेगळे वाटतात पण मूळ एकच, क-त-ब. आपल्याकडचं किताब याच घरातलं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्रायल (मराठी बोलणारे यहुदी) घरांत लग्नाच्या वेळी केतुबा वाचतात ती हीच.

आघात पण ऐकून घ्या. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारखी म्हणतो, हिब्रूत बहुतेक वेळा शेवटच्या अक्षरावर जोर असतो पण नेहमी नाही. बोकेर मधे बो वर जोर दिला तर सकाळ, केर वर दिला तर गुरं राखणारा काऊबॉय.

दुसरी पायरी: एका वाक्यातून मूळ कसं काढायचं

हे हाताने करून बघायचं काम आहे. शब्द लिहा. पुढे चिकटलेली अक्षरं काढा. हिब्रूत "आणि", "मधे", "ला", "पासून", "सारखं", "की" आणि "तो अमुक" दाखवणारं हा, हे सगळं एकेका अक्षराने शब्दाला पुढे जोडतात, आणि ती सात अक्षरं लक्षात राहावीत म्हणून तिथे "मोशे वेखालेव" असं शिकवतात, त्या दोन शब्दांच्या अक्षरांत सातही येतात. मग शेवटचे -ईम, -ओत (अनेकवचन) काढा, -ती, -ता (मी, तू) काढा. मग शब्दाचा साचा बनवणारी मि-, मा-, ता-, हित- अशी अक्षरं बाजूला करा. तीन व्यंजनं उरली पाहिजेत.

"बेसेदेर" घ्या, जो इस्रायलमधे दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो, ठीक आहे, ओके, चालेल या सगळ्या अर्थांनी. बे म्हणजे मधे, ते काढलं की उरतं सेदेर, म्हणजे क्रम, व्यवस्था. मूळ स-द-र. बेसेदेर म्हणजे शब्दशः व्यवस्थेत. लेसादेर म्हणजे आवरणं, लावून ठेवणं. सिदूर म्हणजे प्रार्थनापुस्तक, कारण त्यात प्रार्थना क्रमाने लावलेल्या असतात. पेसाख या यहुदी सणाच्या रात्रीचं जेवण म्हणजे सेदेर, कारण ते ठरलेल्या क्रमाने चालतं, आणि त्या रात्री वाचायची हगादा मराठी अनुवादासकट 1874 मधे पुण्यात छापली गेली होती. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात कितीतरी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. म्हणजे हिब्रू-मराठी हा प्रवास आपण नव्याने करत नाही आहोत, वाट मळलेली आहे.

काही मुळं त्रास देतात हे आधीच सांगते. ज्यात न, य किंवा ह असतो त्यातलं एखादं अक्षर गळून पडतं. "तोदा" म्हणजे थँक्यू, यात तीन व्यंजनं दिसतच नाहीत, कारण मूळ आहे य-द-ह, आभार मानणं आणि कबूल करणं. याच मुळातून येहुदा हे नाव, याकोबाची बायको लेआ हिला चौथा मुलगा झाला तेव्हा ती देवाचे आभार मानते आणि मुलाचं नाव येहुदा ठेवते असं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, आणि येहुदावरून येहुदी, आपला यहुदी. अशा वेळी अंदाज लावत बसू नका, पेआलिम नावाची वेबसाइट आहे तिथे शब्द टाका, मूळ आणि सगळी रूपं समोर येतात.

तिसरी पायरी: मराठीतली ओळखीची माणसं शोधा

मला सगळ्यात जास्त मजा इथे आली. तीन अदलाबदली लक्षात ठेवा. मराठीत (अरबीतून आलेल्या शब्दात) जिथे ह असतो तिथे हिब्रूत पुष्कळदा घशातला ख असतो. स असेल तिथे बऱ्याचदा श. आणि शब्दाच्या सुरुवातीचा मूळ व हिब्रूत य होतो.

आता बघा. सलाम, शालोम. हिशेब, खेश्बोन. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो ना, त्यातला हयात आणि ग्लास वर करून म्हणतात ते "लेखायिम" यांचं मूळ एकच, जगणं. रहम आणि राखमीम म्हणजे दया, आणि त्याच अक्षरांचा रेखेम म्हणजे गर्भाशय. हकीम, हुकूम आणि खाखाम म्हणजे शहाणा. अवलाद (आणि जुन्या कागदपत्रात बापाच्या नावाआधी लिहायचे ते वल्द) आणि येलेद म्हणजे मूल, म्हणून वाढदिवस म्हणजे योम हुलेदेत. मालक, मुलूख आणि मेलेख म्हणजे राजा. कबर आणि केवेर. आणि माझं आवडतं: घोड्यावर चढताना पाय ठेवतात ती रिकीब. हिब्रूत र-क-ब म्हणजे स्वार होणं, त्यावरून रेखेव म्हणजे वाहन, आणि राकेवेत म्हणजे रेल्वे. स्टेशनवर राकेवेतची पाटी वाचली की मला रिकीबच दिसते.

एक सावधगिरी मात्र हवी. नुसता आवाज जुळला म्हणून नातं लावू नका. हिब्रूत बारी म्हणजे तब्येतीने ठणठणीत, आणि आपलं बरं-बरी अगदी तसंच वाटतं, पण ते योगायोगाने, लक्षात ठेवायला वापरा, नातं समजू नका. (शिंकल्यावर "लाब्रिऊत" म्हणतात ते त्याच बारीवरून, तब्येतीला.) मी म्हणजे हिब्रूत कोण, अनी म्हणजे मी, आणि ही म्हणजे ती. ही तीन पहिल्या दिवशीच घोटून घ्या नाहीतर समोरचा "मी झे?" म्हणजे "हा कोण?" विचारत असतो आणि आपण भलतंच ऐकतो. हिब्रूच्या आतसुद्धा असे सापळे आहेत, सेफेर म्हणजे पुस्तक आणि सापार म्हणजे न्हावी, अक्षरं तीच पण घराणी वेगळी.

चौथी पायरी: रोजची वाक्यं, मुळासकट

"मा श्लोमखा?" पुरुषाला, "मा श्लोमेख?" बाईला, म्हणजे कसा आहेस, कशी आहेस. शब्दशः तुझा शालोम काय. शालोमला आपण शांती म्हणून मोकळे होतो पण श-ल-म मुळाचा गाभा आहे पूर्ण असणं, काही न उरणं. शालेम म्हणजे अख्खं, मुश्लाम म्हणजे परिपूर्ण, आणि लेशालेम म्हणजे पैसे देणं! देणं चुकतं केलं की व्यवहार पूर्ण होतो म्हणून. ताश्लूम म्हणजे पेमेंट, हप्ता. कार्ड देताना दुकानदार विचारतो कामा ताश्लुमीम, किती हप्ते. "झे लो मिश्तालेम" म्हणजे परवडत नाही, त्यात अर्थ नाही. तेव्हा कुणाला शालोम म्हणताना आपण त्याला तू भरून-पावून असो असं म्हणतोय, नुसतं भांडण नसो एवढंच नाही.

"मा निश्मा?" हे मित्रांतलं. शब्दशः काय ऐकू येतंय, आपलं काय खबर. मूळ श-म-आ, ऐकणं. लिश्मोआ म्हणजे ऐकणं, माश्माऊत म्हणजे अर्थ, मिश्माअत म्हणजे शिस्त (ऐकण्यात राहणं, आपणही मुलाला "ऐकत नाही" म्हणतो तेच). आणि शेमा इस्रायल, ऐक हे इस्रायल, ही ती प्रार्थना जी बेने इस्रायल लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांनी बाकी हिब्रू विसरल्यावरही कोकणात शतकानुशतकं तोंडात जपली.

"कोल हाकावोद!" म्हणजे शाब्बास, शब्दशः सगळा मान. मूळ क-ब-द, जड असणं. कावेद म्हणजे जड, कावेद म्हणजे यकृतसुद्धा, कावोद म्हणजे मान, लेखाबेद म्हणजे मान देणं आणि पाहुण्याला खायला-प्यायला देणं, किबुद म्हणजे तो फराळ. वजन आणि मान एकत्र का, असा प्रश्न मराठी माणसाला पडूच नये, कारण आपल्याकडे गुरू म्हणजे मुळात जड, त्याच्या शब्दाला वजन आहे असं आपण म्हणतो, माणूस भारदस्त असतो, आणि आजची पोरं कौतुकाने म्हणतात तेही भारीच. हे वाक्य मी एकदाच वाचलं आणि परत कधी पाठ करावं लागलं नाही.

"तित्खादेश" (बाईला "तित्खादशी") हे नवे कपडे घातलेल्याला, केस कापून आलेल्याला, नवीन घर घेतलेल्याला म्हणतात. मूळ ख-द-श, नवीन. खादाश नवीन, खादाशोत म्हणजे बातम्या, आणि खोदेश म्हणजे महिना, कारण महिना नव्या चंद्राने सुरू होतो. तू नवा हो, असं म्हणायचं. मराठीत याला एका शब्दात काही नाही आणि मला इथे परत आल्यावर त्याची फार उणीव जाणवते.

बाकीची भराभर. "बेवाकाशा" म्हणजे प्लीज आणि वेलकम दोन्ही, मूळ ब-क-श मागणं, बाकाशा म्हणजे विनंती. "स्लिखा" म्हणजे सॉरी आणि जरा सरका दोन्ही, स-ल-ख माफ करणं. "बारूख हाबा" म्हणजे या, आलेल्याला आशीर्वाद असो, बाईला "ब्रुखा हाबाआ", अनेकांना "ब्रुखीम हाबाईम". "लेहित्राओत" म्हणजे भेटू, मूळ पाहणं, एकमेकांना बघू. "याल्ला", "सबाबा", "अखला" हे अरबीतून सरळ उचललेत, त्यात हिब्रू मूळ शोधू नका. "खवाल अल हाझमान" मधे पहिल्यांदा माझी फसगत झाली, शब्दशः वेळेबद्दल वाईट वाटतं, म्हणजे वेळ फुकट, पण सिनेमाबद्दल असं म्हटलं तर बहुतेक वेळा एक नंबर असा अर्थ! स्वर ऐकून ठरवायचं. झमान म्हणजे वेळ, आपला जमाना ओळखलात ना.

आणि छोटा "ना". बो ना म्हणजे ये ना. अगदी आपला ना, फक्त हिब्रूत तो आज औपचारिक झालाय, पाट्यांवर दिसतो: "ना लो लेआशेन", कृपया सिगरेट ओढू नये.

पाचवी पायरी: क्रियापदाचे साचे

मूळ सात साच्यांत ओतता येतं, त्यांना बिनयानीम म्हणतात, बांधकामं. सातही एकदम शिकू नका. आधी दोन घ्या कारण मराठीत ती जोडी आहेच: लोमेद म्हणजे शिकतो, मेलामेद म्हणजे शिकवतो. मग तिसरा हित- वाला, जिथे क्रिया आपल्यावरच किंवा एकमेकांत होते: लावाश म्हणजे घातलं, हित्लाबेश म्हणजे स्वतःचे कपडे केले, हित्कातेव म्हणजे पत्रव्यवहार केला. महिना-दीड महिना एवढ्यावर राहा.

लिंगाचं आपल्याला सोपं जातं. अनी कोतेव, अनी कोतेवेत म्हणजे मी लिहितो, मी लिहिते, जसंच्या तसं. इंग्लिशमधून शिकणाऱ्यांना हे महिनोन्महिने छळतं. फक्त ॲपमधली वाक्यं पुष्कळदा पुरुषाच्या तोंडची असतात, मी तशीच "अनी रोत्से" (मला हवंय, पुरुष) पाठ करून भाजीवालीकडे गेले, तिने हसून "रोत्सा, मोतेक, रोत्सा" असं सुधारलं. मोतेक म्हणजे गोडपणा, लाडाने म्हणतात. तेव्हा बायकांनी वहीत पहिल्यापासून आपलंच रूप लिहा.

"येश ली आख", मला भाऊ आहे. "कार ली", मला थंडी वाजतेय. "कोएव ली हारोश", माझं डोकं दुखतंय. सगळीकडे ली, मला. इंग्लिशमार्गे गेलात तर हे वाकडं वाटेल, मराठीतून थेट गेलात तर सरळ आहे, म्हणून वहीत अर्थ मराठीतच लिहा.

अवघड जातं ते अहो-जाहो. हिब्रूत ते नाहीच. सत्तरीच्या शेजारीण आजींना, डॉक्टरांना, बॉसला, सगळ्यांना "आत" (बाईला तू) नाहीतर "आता" (पुरुषाला तू). आदरार्थी अनेकवचन वापरलंत तर त्यांना वाटेल अजून कुणाला बोलताय. जीभ अडते पहिले काही दिवस, पण तिथे तो अपमान नाही.

सहावी पायरी: आठवड्याला एक मूळ

रविवारी सुरू करा, तिथे आठवडा रविवारीच सुरू होतो आणि वारांना नावं नाहीत, नंबर आहेत: योम रिशोन पहिला दिवस, योम शेनी दुसरा, असं शिशीपर्यंत. नाव फक्त शनिवारला, शाबात, मूळ श-ब-त थांबणं, त्यावरून श्विता म्हणजे संप. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा थांबवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, अख्खं मूळ त्या नावात आहे.

वहीचं एक पान एका मुळाला. मधे तीन अक्षरं, भोवती शब्द, प्रत्येक शब्दाला एक खरं वाक्य जे तुम्ही खरंच बोलाल. मराठीतला नातेवाईक असेल तर कोपऱ्यात. मधले दिवस रोज दोन शब्द, जास्त नको. शुक्रवारी पान झाकून आठवून लिहा. आठवड्यातून एकदा हिब्रू बातम्या लावा, काही कळलं नाही तरी चालेल, फक्त त्या आठवड्याचं मूळ किती वेळा ऐकू येतं तेवढं मोजा.

इस्रायलमधे असाल तर पाट्या वाचत हिंडा. दारावर क्निसा म्हणजे प्रवेश, मूळ क-न-स आत येणं, जमणं, त्यावरूनच क्नेसेत, त्यांची 120 जणांची संसद. दिमोना, अश्दोद, लोद या गावांत मराठी बोलणारी बेने इस्रायल कुटुंबं आहेत, त्यांच्यातली मोठी माणसं एका वाक्यात दोन्ही भाषा बोलतात, त्यांच्यासारखे शिक्षक मिळणार नाहीत.

मुंबईत असाल तरी अडत नाही. काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनागृह) केनेसेथ एलियाहू, म्हणजे तेच क्नेसेत. भायखळ्याचं मागेन दाविद, मागेन म्हणजे ढाल, मूळ ग-न-न राखणं, त्याच मुळाचा गान म्हणजे बाग, आणि इस्रायलची ॲम्ब्युलन्स सेवा मागेन दाविद अदोम, फोन 101. सॅम्युएल स्ट्रीटवरचं, 1796 साली सॅम्युएल दिवेकरांनी स्थापन केलेलं शाआर हाराखमीम, दयेचं दार, लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे. राखमीम वर येऊन गेलंय.

सरावाला एक देऊन ठेवते. आजारी माणसाला म्हणतात "रेफुआ श्लेमा". पहिल्या शब्दाचं मूळ र-फ-आ, त्यातून रोफे म्हणजे डॉक्टर, त्रुफा म्हणजे औषध, मिरपाआ म्हणजे दवाखाना. दुसऱ्या शब्दाचं मूळ तुम्ही काढा, वहीत पान आधीच झालेलं असेल.